सर्बियन नात्याची, ओरोमो वळणाची

व्हिएन्नातील जर्मनच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिक्षिकेने आम्हा सगळ्यांना एक साधे वाक्य आपापल्या मातृभाषेत फळ्यावर लिहायला सांगितले. वाक्य होते, ‘मी कॉफी पिते.’ माझ्या डाव्या हाताला बसणारे गृहस्थ बेलग्रेडचे, सर्बियन बोलणारे, साठी ओलांडलेले, मुलीकडे कायमचे राहायला आलेले. उजव्या हाताला बसणारी तरुणी पश्चिम इथिओपियातील वेल्लेगा भागातली, ओरोमो बोलणारी. आम्ही तिघे एका बाकावर असल्यामुळे आमची वाक्ये फळ्यावरही एकाखाली एक आली. त्यांची लिपी बाजूला ठेवून केवळ उच्चार लिहायचा तर तो असा होता:

मी कॉफी पिते.
या पियेम काफू.
अनि बुन धुग.

मी जागेवर येऊन बसले आणि फळ्याकडे पाहत राहिले. ‘पियेम’ हे क्रियापद ऐकताच ओळखीचे वाटले, आणि ते होतेही ओळखीचे: संस्कृतातील ‘पिबामि’, आपले ‘पिणे’ आणि सर्बियनमधील ‘पिति’ ही एकाच मुळाची लेकरे आहेत. मात्र ते वाक्याच्या मध्ये उभे होते आणि कॉफी त्याच्या मागे ढकलली गेली होती. ओरोमो वाक्यात ओळखीचा एकही शब्द नव्हता. ‘अनि’ म्हणजे मी, ‘बुन’ म्हणजे कॉफी, ‘धुग’ म्हणजे पिते; तरीही प्रत्येक शब्द मराठीत जिथे बसतो तिथेच बसला होता, कर्ता आधी, कर्म नंतर आणि क्रियापद अगदी शेवटी. जिच्याशी माझे रक्ताचे नाते आहे ती भाषा वेगळ्या चालीने चालत होती, आणि जिच्याशी कसलेही नाते नाही ती माझ्या चालीने. पुढचे आठ-नऊ महिने मी जर्मन शिकले ते शिकलेच, पण माझी वही खरी भरली ती या दोन शेजाऱ्यांच्या भाषांनी.

एक सूचना आधीच करून ठेवते. ओरोमो शब्द मी देवनागरीत लिहीत आहे, त्यांच्या शेवटचा अकार मराठीसारखा गिळायचा नाही, संस्कृतासारखा पूर्ण उच्चारायचा. ‘बुन’ हा शब्द ‘बुन्’ नाही.

सर्बियनचे नाते मला पुरते कळले ते एका लग्नाच्या गप्पांत. गृहस्थांच्या पुतणीचे लग्न ठरले होते आणि नव्या घरात तिला कोण कोण मिळणार हे ते आम्हाला जर्मनमध्ये सांगू पाहत होते. जर्मन शब्द अपुरे पडले तेव्हा त्यांनी कागद ओढला आणि आपल्या भाषेतील शब्द एकाखाली एक लिहिले. नवऱ्याचा बाप ‘स्वेकर’, नवऱ्याची आई ‘स्वेक्र्वा’, नवऱ्याचा भाऊ ‘देवेर’, मुलाची बायको ‘स्नाहा’, दोन भावांच्या बायका एकमेकींच्या ‘येत्र्वा’. मी त्यांच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावूनच घेतले आणि शेजारी लिहिले: श्वशुर, श्वश्रू, देवर, स्नुषा, यातृ. त्याच्या शेजारी आणखी एक रांग: सासरा, सासू, दीर, सून, जाऊ. पाचही ओळी जुळल्या. मराठीतील ‘जाऊ’ हा शब्द ‘यातृ’पासून आला आहे हे मी कधीतरी शब्दकोशात वाचले होते आणि विसरलेही होते, तो शब्द युरोपातील एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून, भाची-पुतण्यांच्या कौतुकात मिसळून परत यावा याचे मला फार अप्रूप वाटले. सर्बियन तर आपल्यापेक्षाही काटेकोर निघाली. स्वेकर हा फक्त नवऱ्याचा बाप. बायकोच्या बापाला ‘तास्त’ हा वेगळाच शब्द आहे. आपण मात्र दोघांनाही सासरा म्हणून मोकळे होतो. सहावी ओळ तेवढी जुळली नाही. नणंदेला ते ‘झाओवा’ म्हणतात आणि आपल्या ‘ननान्दृ’शी त्याचा काही संबंध नाही. ती जागा माझ्या वहीत अजून तशीच आहे.

त्यानंतर असे शब्द वेचण्याचा मला छंदच लागला. नेबो म्हणजे आकाश, आपले नभ. दिम म्हणजे धूर, आपला धूम. मेद म्हणजे मध. झिव म्हणजे जिवंत, आपला जीव. झिमा म्हणजे हिवाळा, आपले हिम. उदोवित्सा म्हणजे विधवा. पण या सगळ्यांहून मला जास्त आनंद झाला तो एका स्वराचा. शाळेत आपण ‘ऋ’ हा स्वर म्हणून घोकतो, आणि उच्चारताना मात्र ‘रु’ म्हणतो. हिंदीभाषक ‘रि’ म्हणतात. या अक्षराचा स्वर म्हणून उच्चार आपल्या जिभेवरून केव्हाच निघून गेला आहे. सर्बियनमध्ये तो रोजच्या वापरात आहे. ‘प्र्स्त’ म्हणजे बोट, ‘क्र्व’ म्हणजे रक्त, ‘स्म्र्त’ म्हणजे मृत्यू, आणि या शब्दांत ‘र’खेरीज दुसरा स्वरच नाही. आपण ज्यांना सर्ब म्हणतो ते स्वतःला ‘सृबि’ म्हणतात, आणि त्यातला ऋ इतका स्वच्छ असतो की त्यावर आघात देता येतो, तो लांबवता येतो. मृत हा शब्द मी आयुष्यभर ‘म्रुत’ असा म्हणत आले होते. त्या गृहस्थांनी ‘म्र्ताव’ म्हटले तेव्हा प्रातिशाख्यांत, म्हणजे वेदांच्या उच्चाराविषयीच्या जुन्या ग्रंथांत, ज्याचे वर्णन करून ठेवले आहे तो उच्चार कसा असावा याची मला पहिल्यांदा कल्पना आली.

या वाटेवर फसवे शब्दही भेटतात. ‘ती प्याली’ हे सर्बियनमध्ये ‘ओना ये पिला’, आणि ‘मी प्याले’ हे बाई बोलत असेल तर ‘पिला साम’, पुरुष बोलत असेल तर ‘पिओ साम’. भूतकाळातील हा ल आणि बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलणारे हे रूप पाहून मला मराठीच ऐकल्यासारखे झाले. पण मराठीचा ल प्राकृतातील ‘इल्ल’ या प्रत्ययाच्या वाटेने आला आहे आणि सर्बियनसारख्या स्लाव भाषांतील ल त्यांच्या जुन्या कृदन्तातून. दोघे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या रस्त्यांनी भूतकाळाच्या कामाला लागले. चेहरा मिळतो म्हणून नाते सांगू नये, हा धडा मला ओरोमोनेही दिला. त्या भाषेत बापाला ‘अब्बा’ म्हणतात, आणि आपल्याकडच्या आबा-अप्पांशी ते जोडण्याचा मोह कोणालाही होईल. मात्र जगातील बाळे जे आवाज प्रथम काढतात त्यांतूनच असे शब्द घडतात, त्यामुळे त्यांच्यावरून वंशावळ मांडता येत नाही. घराला ओरोमोत ‘मन’ म्हणतात, खाली या अर्थी ‘जल’ म्हणतात. हे योगायोग सुंदर आहेत, पण ते योगायोगच आहेत.

ओरोमो ही आफ्रो-आशियाई कुळातील कुशिटिक शाखेची भाषा आहे. सोमाली तिची जवळची बहीण, आणि अरबी, हिब्रू, अम्हारिक या दूरच्या भाऊबंद. इथिओपियाच्या २००७च्या जनगणनेत देशातील सुमारे एक तृतीयांश लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि उत्तर केनियातही ती बोलली जाते. एवढ्या मोठ्या भाषेचे नावही माझ्या कानावर त्या वर्गात जाईपर्यंत आलेले नव्हते, याची मला खंत वाटते.

तिच्याशी आपले कूळ जुळत नाही, मात्र ती मराठी माणसाला फार लवकर समजू लागते. झाडाखाली हे ‘मुक जल’: आधी झाड, मग खाली. घरात हे ‘मन केस्स’: आधी घर, मग आत. सर्बियन गृहस्थांना मात्र ‘खाली’ आणि ‘आत’ नामाच्या आधी ठेवावे लागतात आणि वर नामाचा शेवटही बदलावा लागतो. घरात असणे हे ‘उ कुची’ आणि घरात जाणे हे ‘उ कुचू’. आपल्या एका ‘घरात’ला त्यांना दोन विभक्त्या लागतात. सर्बियनमध्ये सात विभक्त्या आहेत, त्यांत संबोधनही आहे, आणि शाळेत विभक्तीचे तक्ते पाठ केलेल्या माणसाला त्यांची भीती वाटू नये. तरीही मला त्या ओरोमोच्या शब्दयोगी अव्ययांइतक्या घरच्या वाटल्या नाहीत.

क्रियापदांत तर मला अधिकच आश्चर्य वाटले. आपण ‘शिकणे’ला एक प्रत्यय लावून ‘शिकवणे’ करतो, ‘कळणे’चे ‘कळवणे’ करतो. ओरोमोत ‘बरचू’ म्हणजे शिकणे आणि ‘बर्सीसू’ म्हणजे शिकवणे. ‘बेकू’ म्हणजे जाणणे आणि ‘बेक्सिसू’ म्हणजे कळवणे, त्यातूनच ‘बेक्सिस’ म्हणजे जाहीर सूचना. प्रत्यय निराळा, पण विचार अगदी तोच: एखाद्याकडून ती क्रिया घडवणे. सर्बियनमध्ये शिकणे आणि शिकवणे या दोहोंसाठी ‘उचिति’ हे एकच क्रियापद चालते आणि पुढच्या शब्दांवरून अर्थ लावावा लागतो. सर्बियनचा कस वेगळ्या ठिकाणी लागतो. तिथे ‘उचिति’ म्हणजे शिकत राहणे आणि ‘नाउचिति’ म्हणजे शिकून होणे, आणि जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला अशी अपूर्ण-पूर्ण जोडी असते. आपण हे काम ‘लिहिणे’ आणि ‘लिहून काढणे’, ‘खाणे’ आणि ‘खाऊन टाकणे’ अशा सहायक क्रियापदांवर सोपवतो. ते एका उपसर्गात उरकतात. एकदा परीक्षेनंतर ते खिन्न होऊन म्हणाले की आपण शिकलो, पण शिकून झाले नाही. जर्मनमध्ये ते वाक्य विचित्र होते, तरी मला ते तत्काळ कळले.

‘खाऊन गेला’ यातला ऊन-प्रत्यय मराठीचा प्राण आहे असे मला नेहमी वाटते. उठून, आंघोळ करून, चहा पिऊन, डबा घेऊन, दाराला कुलूप लावून तो निघाला: एवढी कामे होईपर्यंत आपले मुख्य क्रियापद शेवटी शांतपणे वाट पाहत थांबते. ओरोमोतही हीच रीत आहे. ‘न्याते’ म्हणजे त्याने खाल्ले. त्याचा शेवटचा एकार लांबवला की अर्थ होतो ‘खाऊन’, आणि पुढे ‘देमे’ म्हणजे गेला. केवळ एका स्वराच्या लांबीवर हे काम होते. सर्बियनमध्ये असे कृदन्त पुस्तकात सापडते, बोलताना मात्र लोक ‘खाल्ले आणि गेला’ असेच म्हणतात. वर्गात आम्हा दोघींच्या जर्मन चुका त्यामुळे सारख्या असत. आम्ही मुख्य वाक्यातही क्रियापद शेवटपर्यंत ताणून नेत असू, आणि शिक्षिका हात उंचावून ते परत दुसऱ्या जागेवर आणायला लावत असे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ओरोमोत ‘बितू’ म्हणजे विकत घेणे आणि ‘बितचू’ म्हणजे स्वतःसाठी विकत घेणे. हा ‘चू’चा प्रत्यय असंख्य क्रियापदांना लागतो आणि क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच येते असे सुचवतो; ‘बरचू’ म्हणजे शिकणे यातही तोच दडलेला आहे, कारण शिकलेले ज्याचे त्याच्याजवळ राहते. मैत्रीण हे समजावून सांगत होती आणि मला आठवत होते ते पाणिनीय परंपरेतील परस्मैपद आणि आत्मनेपद: दुसऱ्यासाठी शिजवतो तो ‘पचति’, स्वतःसाठी शिजवतो तो ‘पचते’. संस्कृतातही हा भेद पुढे पुसट झाला आणि मराठीत तर रूपांमधून नाहीसाच झाला. आपण तो ‘करून घेणे’ आणि ‘करून देणे’ अशा जोडक्रियापदांत नव्याने उभा केला. ओरोमोत तो मूळ प्रत्ययाच्या रूपाने आजही बाजारहाट करतो आहे. ज्या भाषेचा संस्कृतशी काडीमात्र संबंध नाही तिच्यात आत्मनेपदाची गरज स्वतंत्रपणे निर्माण व्हावी, हे मला कोणत्याही समान शब्दापेक्षा अधिक मोठे साम्य वाटते.

अर्थात ओरोमो म्हणजे आफ्रिकेत ठेवलेली मराठी नव्हे. तिथे विशेषण नामाच्या मागे येते. ‘मन गुद्दा’ म्हणजे घर मोठे. ‘माझ्या वडिलांचे घर’ हे ‘घर वडिलांचे माझ्या’ अशा क्रमाने येते. बायकोला ‘हाध मना’ म्हणतात, शब्दशः घराची आई, आणि त्यातही घर मागेच आहे. एक गोष्ट तर माझ्या सगळ्या व्याकरणाला उलटी पडणारी निघाली. शब्दकोशात माणूस या अर्थी ‘नम’ दिलेला असतो, आणि हे रूप कर्माचे असते; तोच माणूस कर्ता झाला की त्याला प्रत्यय लागून ‘नम्नि’ होतो. कर्ता म्हणजे साधे रूप आणि कर्माला प्रत्यय, हा क्रम मला निसर्गनियमासारखा वाटत आला होता. सर्बियनमध्येही कॉफी ‘काफा’ असते आणि पिताना ‘काफू’ होते. मराठीत ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणताना कर्त्याला प्रत्यय लागतो खरा, पण तो मुख्यतः भूतकाळापुरता आणि सकर्मक क्रियापदापुरता. ओरोमोत मात्र काम करणाऱ्याला दरवेळी खूण लावावी लागते, आणि जो नुसता आहे, ज्याच्यावर काम होते, तो बिनखुणेचा राहतो.

मे महिन्यातील एका रविवारी गृहस्थ आम्हा दोघींना सेंट मार्क्सच्या जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. लायलॅकची झाडे फुललेली होती. लोक तिथे मोझार्टची समाधी पाहायला येतात. ते आम्हाला घेऊन गेले होते ते सर्बियनची लिपी आणि लेखन घडवणाऱ्या वूक स्तेफानोविच काराजिच याच्यासाठी. वूक व्हिएन्नात राहिला, इथेच १८६४ मध्ये वारला आणि याच दफनभूमीत होता. १८९७ मध्ये त्याच्या अस्थी बेलग्रेडला नेल्या. म्हणजे आम्ही पाहायला गेलो होतो ती एक रिकामी झालेली जागा. पण गृहस्थ ज्या आवाजात बोलत होते त्यावरून वाटत होते की तो अजून तिथेच आहे.

वूक म्हणजे लांडगा, संस्कृतातील वृक. त्याच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून चेटकिणींनी या पोराला खाऊ नये यासाठी हे नाव ठेवले. अशा नावामागची ही समजूत त्याने स्वतःच आपल्या शब्दकोशात नोंदवली आहे. हे ऐकताना मला आपल्याकडचे धोंडू आणि दगडू आठवले, आणि तेही कोणत्या आयांनी कशाच्या भीतीने ठेवले ते आठवले. एका पायाने अधू असलेल्या या माणसाने खेडोपाडीची गाणी, म्हणी, कथा टिपल्या आणि १८१८ मध्ये व्हिएन्नातील आर्मेनियन मठवासीयांच्या छापखान्यात आपला शब्दकोश छापला. त्यात सव्वीस हजारांवर शब्द होते, आणि ते चर्चच्या पंडिती मिश्रभाषेतील नव्हते, शेतकऱ्याच्या तोंडचे होते. ‘बोलतोस तसे लिही, लिहिले आहे तसे वाच’ हे सूत्र त्याच्याही आधी १८१० मध्ये साव्हा मृकाल्य याने आपल्या पुस्तिकेत मांडले होते आणि त्यासाठी विरोध सोसला होता. वूकने ते शेवटास नेले. शब्दाच्या अखेरीस निरर्थक लिहिले जाणारे ‘येर’ हे अक्षर त्याने काढून टाकले, एका ध्वनीला एक अक्षर याप्रमाणे तीस अक्षरांची लिपी बसवली, आणि ‘य’च्या उच्चारासाठी लॅटिनमधील एक लहानसे अक्षर घेतले. या एका अक्षरावरून आकांत झाला. सनातनी चर्चला त्यात कॅथलिकांचा शिरकाव दिसला. वूकची लिपी सर्बियात अधिकृतपणे स्वीकारली गेली ती १८६८ मध्ये, तो गेल्यानंतर चार वर्षांनी. मला त्याच्याविषयी सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. पहिल्या शब्दकोशात त्याने ‘ह’ हे अक्षर घेतलेच नव्हते, कारण तो ज्या बोलीत वाढला तिथे ह उच्चारला जात नसे. पुढे जिथे तो उच्चारला जातो असे भाग त्याने ऐकले, आणि १८३६ पासून ह लिहायला सुरुवात केली. कानाने दुरुस्ती सुचवली आणि त्याने ती मानली.

बाकावर बसून हे सगळे ऐकल्यावर मैत्रीण म्हणाली की आमच्याकडेही असा एक माणूस होता, आणि त्याचे नाव हीका होते. ‘हीकू’ या ओरोमो क्रियापदाचा अर्थ आहे गाठ सोडणे, आणि त्यावरूनच अर्थ उलगडणे, भाषांतर करणे. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा १८७० मध्ये लाल समुद्रावरील मस्सावा बंदरात मुक्त झाला, स्वीडिश मिशनमध्ये शिकला, ओनेसिमोस नेसिब या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि आईबापांनी ठेवलेल्या मूळ नावाप्रमाणे खरोखरच भाषांतरकार झाला. पण भाषा ऐकण्याच्या वयातच तो तिच्यापासून तुटला होता. त्याला शब्द पुरवले ते आस्तेर गन्नो हिने. तीही गुलाम म्हणून विकली गेली होती आणि समुद्रापार नेली जात असताना १८८६ मध्ये सुटली होती. तिने शब्दसंग्रह केला, कोडी, म्हणी, गाणी, कथा असा सुमारे पाचशे नगांचा मौखिक ठेवा जमवला आणि १८९४ मध्ये निघालेल्या ओरोमोच्या पहिल्या वाचनपुस्तकात त्यातला काही भाग आला. संपूर्ण ओरोमो बायबल १८९९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ छापले गेले. वूकला याकोब ग्रिमसारखा विद्वान मित्र लाभला, ज्याने त्याचे व्याकरण १८२४ मध्ये जर्मनमध्ये आणले. आस्तेरला असे कोणी लाभले नाही. माझ्या मते दोघांची कामगिरी एकाच तोलाची आहे, आणि आस्तेरने ती अधिक कठीण परिस्थितीत केली.

ते बायबल इथिओपियाच्या जुन्या गीझ लिपीत होते, आणि या लिपीचे ओरोमोशी नीट जुळत नव्हते. त्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपे असतात. ओरोमोत पाच स्वर आहेत आणि प्रत्येक ऱ्हस्व किंवा दीर्घ, म्हणजे दहा हवेत. शिवाय त्या लिपीत द्वित्त दिसत नाही. ‘बदा’ म्हणजे वाईट आणि ‘बद्दा’ म्हणजे उंच, थंड प्रदेश. दोन्ही सारखेच लिहिले तर वाचणाऱ्याने काय करावे? ‘लफ’ म्हणजे जमीन, ‘लाफा’ म्हणजे मऊ. ‘धुग’ म्हणजे पितो किंवा पिते, ‘धुगा’ म्हणजे सत्य. शेख बक्री सफालो या धर्मपंडिताने १९५६ मध्ये ओरोमोसाठी स्वतंत्र लिपीच घडवली, आणि सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीने तिच्यावर बंदी आणली. त्या काळात शाळेत, न्यायालयात, छापखान्यात ओरोमोला जागाच नव्हती. अखेर ३ नोव्हेंबर १९९१ रोजी आदिस अबाबात भरलेल्या सभेत लॅटिन अक्षरांची ‘कुबे’ ही लेखनपद्धती स्वीकारली गेली. दीर्घ स्वर हवा तर अक्षर दोनदा लिहा, द्वित्त हवे तर व्यंजन दोनदा लिहा. मैत्रिणीची आई शाळेत आपली भाषा लिहायला शिकली नाही. मैत्रीण पहिलीपासून कुबेत शिकली. घरी पहिले पत्र तिनेच लिहिले, असे तिने सांगितले.

स्वराच्या लांबीची गोष्ट निघाली की मला तीन भाषांचे तीन स्वभाव दिसतात. ओरोमोत लांबीने अर्थ बदलतो आणि ती लिहिली जाते. सर्बियनमध्ये लांबीने अर्थ बदलतो आणि ती लिहिली जात नाही: ‘ग्रद’ आखूड म्हटले तर गारा आणि लांब म्हटले तर शहर, पण वूकच्या काटेकोर लिपीतही दोन्ही सारखेच दिसतात. मराठीत बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत आपण क्वचितच फरक करतो, आणि लिहिताना मात्र त्यावरून मुलांचे गुण कापतो. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे दाखवण्याची रीत नव्हती. बाळबोध लिपीने तो भेद संस्कृतातून आणला. उलट जो भेद आपण खरोखर करतो तो लिपीत नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे आपण वेगळे उच्चारतो आणि एकसारखे लिहितो. सर्बियनमध्ये ‘त्स’ला वेगळे अक्षर आहे आणि ‘च’ला दोन वेगळी अक्षरे आहेत. देवनागरी संपूर्णपणे उच्चारानुसारी आहे असे मी कॉलेजात अभिमानाने सांगत असे. गृहस्थांनी मला ‘चाक’ आणि ‘चार’ सावकाश म्हणायला लावून तो अभिमान दुरुस्त केला. आपल्याकडे १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हा आपणही वूकच्या वाटेवर थोडे चाललो होतो. च आणि ज यांच्यापर्यंत मात्र आपण पोहोचलो नाही.

१९९१ हे साल गृहस्थांना वेगळ्या कारणाने आठवते. ज्या वर्षी ओरोमोला तिचे अक्षर मिळाले त्याच वर्षी युगोस्लाव्हिया फुटू लागला, आणि त्यांची शाळेतली सर्बो-क्रोएशियन भाषा पुढच्या काही वर्षांत सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, माँटेनिग्रिन अशा नावांनी ओळखली जाऊ लागली. त्यांचे आजोळ बोस्नियातील साराएव्होचे. आजोळी दूध ‘म्लियेको’ आणि बेलग्रेडला ‘म्लेको’. लहानपणी हा फक्त आजीच्या बोलण्यातला गोडवा होता, नंतर लोक त्यावरून माणूस कोणत्या बाजूचा ते ठरवू लागले. ते हे सांगत असताना मी कोकणी आणि मराठी यांच्या वादाविषयी सांगू लागले होते, पण थांबले. आपल्याकडे तो वाद सभांमधून, अकादमीच्या मान्यतेतून आणि १९९२च्या घटनादुरुस्तीतून पुढे गेला. त्यांच्याकडे त्याच्यामागे तोफा होत्या. ती तुलना त्या बाकावर करण्यासारखी नव्हती.

आता एक दुरुस्ती. या लेखात ओरोमो शब्दांत मी जिथे जिथे ध लिहिला आहे तिथे ध नाही. कुबेत तो ध्वनी ज्या दोन लॅटिन अक्षरांनी लिहितात ती पाहून आपल्या डोळ्यांना ध दिसतो, इतकेच. प्रत्यक्षात जीभ टाळूकडे वळवून, श्वास बाहेर ढकलण्याऐवजी कंठाकडे किंचित ओढून तो ड काढायचा असतो. मैत्रिणीने पहिल्यांदा ‘धधा’ म्हणजे लोणी हा शब्द म्हणून दाखवला तेव्हा वर्गात कोणालाच तो जमला नाही. गृहस्थांनी आपली तीसही अक्षरे तपासून पाहिली. मला मात्र तो पहिल्याच प्रयत्नात जमला, आणि तिने चमकून माझ्याकडे पाहिले.

मी उल्हासनगरला वाढले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे ते गाव. आमच्या शेजारच्या घरातील आजीला तिची नातवंडे जी हाक मारत ती ऐकतच मी मोठी झाले. त्या हाकेत हाच ध्वनी दोनदा येतो. देवनागरीत सिंधी लिहिताना त्याच्यासाठी ड-खाली रेघ दिलेले वेगळे अक्षरही आहे. मी मैत्रिणीच्या वहीत आधी त्या आजीची हाक लिहिली, ‘ॾाॾी’. मग त्याखाली तिचे लोणी लिहिले, ‘ॾॾा’. गृहस्थांनी वही आपल्याकडे ओढली, चष्मा वर सरकवला, त्या अक्षराखालच्या रेघेवर बोट ठेवले आणि ते अक्षर कोणी घेतले, कुठून घेतले, असे विचारू लागले.